चंचल मूल : दोष रक्ताचा की वळणाचा?

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा सुरू झाल्या, पहिली घटक चाचणी झाली की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. मुलगा सात-आठ वर्षांचा असतो. सर्दी-खोकल्याचे निमित्त असते, पण खरी गोष्ट वेगळी असते. ‘‘डॉक्टरसाहेब, हे लेकरू एका जागी बसतच नाही. वर्गात उठून फिरते, दुसऱ्याच्या पाटीत डोकावते, वही अर्धी सोडते. गुरुजींनी चिठ्ठी पाठवली. काहीतरी गोळी द्या.’’ मी काही विचारण्याआधीच घरात वाद सुरू होतो. आजी म्हणते, ‘‘खाण तशी माती. याचा बापही असाच होता.’’ बाप म्हणतो, ‘‘हिनेच लाडावून ठेवला.’’ आई गप्प असते, कारण तिला बहुधा दोन्हीकडचे ऐकून घ्यावे लागते. शाळेचे म्हणणे, घरी वळण नाही. घरच्यांचे म्हणणे, शाळेत लक्ष देत नाहीत.

वाचकहो, हा वाद केवळ घरगुती नाही. मूल असे का वागते, हा प्रश्न गेली शंभर वर्षे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ अभ्यासत आहेत. आज त्याचे बरेचसे उत्तर हाती आले आहे. हे उत्तर प्रत्येक घरी पोचणे गरजेचे आहे, कारण चुकीच्या उत्तरापायी आपल्याकडे रोज कित्येक लेकरे मार खातात आणि पुढे शाळा सोडून देतात.

खोडकरपणा आणि आजार यांतला फरक

प्रथम हे स्पष्ट करतो की प्रत्येक खोडकर मूल आजारी नसते. चार-पाच वर्षांचे मूल धडपडणारच. झाडावर चढणे, प्रश्न विचारून भंडावून सोडणे ही निरोगी बाळपणाची लक्षणे आहेत.

आजार केव्हा म्हणायचा? मुलाच्या वयाच्या मानाने चंचलता फारच जास्त असेल, निदान सहा महिने टिकलेली असेल, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असेल, घरी आणि शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसत असेल आणि त्यापायी मुलाचे खरोखर नुकसान होत असेल, तर तिला अवधान-अभाव व अतिचंचलतेचा विकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला ‘एडीएचडी’ म्हणतात. त्यात तीन गोष्टी असतात : लक्ष न टिकणे, सतत चुळबूळ आणि विचार न करता कृती करणे. केवळ शाळेत त्रास आणि घरी काहीच नाही, किंवा केवळ घरी त्रास आणि शाळेत शहाणा, असे असेल तर कारण बहुधा दुसरेच असते.

निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले तर शाळकरी वयाच्या साधारण पाच टक्के मुलांत हा विकार आढळतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन. मुलांमध्ये तो मुलींपेक्षा दुपटीहून अधिक दिसतो. मुलींमध्ये मात्र तो झाकून जातो. ती उड्या मारत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. तिला ‘मंद’ ठरवून मागच्या बाकावर बसवले जाते आणि तिची तक्रार घेऊन कोणीच येत नाही.

याच्या जवळचा पण वेगळा दुसरा प्रकार म्हणजे वर्तनाच्या समस्या. सतत खोटे बोलणे, चोरी, मारामारी, मुक्या जनावरांना त्रास देणे, शाळा बुडवून भटकणे, घरातून पळून जाणे. चंचल मूल म्हणजे वाईट वळणाचे मूल नव्हे. पण चंचल मुलांपैकी काही पुढे या वाटेला लागतात, आणि ती वाट अडवणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे.

रक्ताचा वाटा किती?

१९०२ साली लंडनमध्ये सर जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी काही मुलांचे वर्णन केले. बुद्धी चांगली, पण आवर नाही. घरच्यांनी नीट सांभाळलेल्या मुलांतही हे दिसते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते.

पुढे जुळ्या मुलांच्या अभ्यासाने चित्र स्पष्ट झाले. जुळी दोन प्रकारची असतात. एकसारखी दिसणारी जुळी एकाच बीजापासून होतात, त्यांची जनुके जवळजवळ सारखी. दुसरी जुळी म्हणजे एकाच वेळी जन्मलेली सख्खी भावंडे, त्यांची जनुके सरासरीने निम्मी सारखी. दोन्ही जोड्या एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. तेव्हा पहिल्या प्रकारच्या जोड्यांत चंचलतेचे साम्य दुसऱ्यापेक्षा फार जास्त निघाले, तर त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. तसेच निघाले. अनेक देशांतील अभ्यासांवरून अतिचंचलतेत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के धरला जातो. उंचीच्या खालोखाल म्हणावा इतका हा वाटा आहे.

म्हणजे आजीचे म्हणणे खोटे नाही. परंतु एकच एक ‘चंचलतेचे जनुक’ नाही. २०१९ साली मोठ्या आंतरराष्ट्रीय संशोधनात गुणसूत्रांवरील अशा १२ जागा निश्चित झाल्या, २०२३ मध्ये ती संख्या २७ वर गेली. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी थोडा असतो. त्यामुळे रक्त तपासून ‘तुमचे मूल चंचल होणार’ असे सांगणारी कोणतीही तपासणी आज नाही. अशा तपासणीवर पैसे घालवू नयेत.

वर्तनाच्या समस्यांचे गणित वेगळे आहे. तेथे आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा भरतो आणि घर, शेजार, सोबत यांचा वाटा ठळकपणे पुढे येतो.

सत्तर टक्के म्हणजे काय?

येथे पुष्कळ सुशिक्षितांचीही गफलत होते. ‘७० टक्के आनुवंशिक’ म्हणजे तुमच्या मुलाची सत्तर टक्के चंचलता रक्तातून आणि तीस टक्के घरातून आली, असा अर्थ नाही. आणि ‘आता उपाय नाही’ असा तर मुळीच नाही.

आपल्या शेतीचे उदाहरण घेऊ. घरच्या मिसळीच्या सोयाबीनची एकच थैली आहे. अर्धी काळ्या कसदार रानात पेरली, अर्धी मुरमाड माळावर. काळ्या रानात काही झाडे उंच, काही बुटकी. जमीन सारखीच आहे, तेव्हा हा फरक बियाण्याचा. माळावरही तसेच. पण दोन्ही शेतांच्या उताऱ्यात जो फरक पडला तो कशाचा? बियाणे तर एकाच थैलीतले होते. तो फरक जमिनीचा आणि पाण्याचा. बियाण्याचा वाटा मोठा असूनही शेणखत घालून उतारा वाढवता येतो, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

जन्मापूर्वीची जमीन

मुलाची जमीन आईच्या पोटापासून सुरू होते. याचा एक मोलाचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या मातांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतील काहींच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले लक्ष टिकवण्याच्या आणि थोडा वेळ आकडे ध्यानात ठेवण्याच्या चाचणीत मागे पडली. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यावरून त्या मुलांना अतिचंचलतेचा विकार झाला असे म्हणता येत नाही. पण लक्ष देण्याच्या शक्तीचा पाया किती आधी घातला जातो, हे कळते. बी-१२ दूध, दही, अंडी, मांस, मासळी यांत असते, भाजी-भाकरीत नसते. आपल्या जिल्ह्यात शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. अशा घरातील गरोदर सुनेला दूध-दही मिळते की नाही, हे पाहणे सासूचे काम आहे. गरज पडल्यास डॉक्टर गोळी देतील.

दुसरा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. भारतातील पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होते, दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुले तपासण्यात आली. अतिचंचलता, स्वमग्नता, फिट्स, ऐकण्याचे दोष अशा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकारांपैकी एक तरी विकार जवळजवळ आठात एका मुलाला होता. कोणत्या मुलांना धोका जास्त? घरी बाळंतपण झालेली, जन्मताच उशिरा रडलेली, कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची, नवजात वयात आजारी पडलेली, मेंदूज्वर होऊन गेलेला असलेली आणि वाढ खुंटलेली. यांतील बहुतेक गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. दवाखान्यातील बाळंतपण, वेळेवर लसी आणि पुरेसे अन्न हे चंचलतेवरचेही प्रतिबंधक उपाय आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरी गोष्ट फवारणीची. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर स्त्रियांचा अभ्यास झाला. गरोदरपणी ज्यांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकांचे अंश जास्त सापडले, त्यांच्या मुलांत पाचव्या वर्षी लक्ष न लागण्याच्या तक्रारी अधिक होत्या, मुलग्यांत जास्त. हे निष्कर्ष २०१० चे आहेत. फवारणीचे औषध किती घातक असते हे आपल्याला निराळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर दगावले. गरोदर बाईने औषध कालवू नये, फवारणी चालू असलेल्या रानात निंदणाला जाऊ नये, आणि फवारणीचे कपडे तिच्याकडून धुवून घेऊ नयेत. औषधाचा रिकामा डबा घरात पाण्यासाठी कधीही वापरू नये.

शिसे हा आणखी एक शत्रू. १९७९ साली अमेरिकेत डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचे वर्गात लक्ष लागत नाही, असे शिक्षकांनी नोंदवले होते. भारतात २००० सालापासून पेट्रोल शिसेविरहित झाले. तरी जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगाचे पोपडे, बॅटऱ्या फोडण्याची-दुरुस्तीची जागा आणि पिवळाधमक रंग यावा म्हणून भेसळ केलेली हळद यांतून ते अजूनही पोटात जाऊ शकते. बॅटरीचे काम घराच्या ओसरीवर करू नये. हळकुंडे आणून दळलेली हळद बरी.

गरोदरपणी तंबाखू व दारू टाळावी, हे सांगायला नकोच. आपल्याकडे पुष्कळ बाया सिगारेट ओढत नाहीत, पण मिस्री लावतात, तंबाखू खातात. तोही तंबाखूच.

साखरेला मात्र उगाच दोष दिला जातो. १९९५ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडतो असे आढळले नाही. साखरेने दात किडतात, तेवढे कारण पुरे आहे. काही कृत्रिम खाद्यरंगांनी थोडी चंचलता वाढते, असे २००७ च्या एका इंग्रज अभ्यासात दिसले. भडक रंगाचे पेप्सीकोले आणि गोळ्या कमी केल्याने नुकसान काहीच नाही.

घरातली हवा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मूल जन्मतः चंचल असले तरी ते पुढे भांडखोर, खोटारडे, चोरटे होईल की नाही, हे पुष्कळसे घरावर अवलंबून असते.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात एकसारख्या जुळ्यांबद्दल त्यांच्या आयांना बोलते केले. जनुके तीच, घर तेच, आई तीच. तरी काही आया एका मुलाबद्दल मायेने बोलत आणि दुसऱ्याबद्दल कडवटपणे. ज्या मुलाबद्दल आई पाचव्या वर्षी कडवट बोलली, त्याच्या वागण्याच्या तक्रारी सातव्या वर्षी भावापेक्षा अधिक निघाल्या. आणि हे शिक्षकांनी सांगितले. २००४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रक्त सारखे असताना पडलेला हा फरक रक्ताचा असूच शकत नाही. हा अभ्यास आयांबद्दलचा होता म्हणून दोष आईच्या माथी मारू नये. जे आईच्या शब्दाला लागू, ते बापाच्या, आजोबांच्या आणि गुरुजींच्या शब्दालाही लागू असणारच.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा मागोवा आजतागायत घेतला जात आहे. तेथील २००२ चा एक निष्कर्ष गाजला. मेंदूतील रसायनांशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्या मुलांचे लहानपणी हाल झाले, तर ती मोठेपणी समाजविघातक वागण्याकडे अधिक झुकली. तोच जनुकप्रकार असून नीट सांभाळली गेलेली मुले इतरांसारखीच निघाली. नंतरच्या सर्व अभ्यासांत हा परिणाम तितकाच ठळक आढळलेला नाही. पण धडा मोलाचा आहे. काही मुलांच्या रक्तात धोका असतो, आणि मारहाण त्याला जागे करू शकते.

येथे एक चक्र समजून घेतले पाहिजे. मूल चंचल असते म्हणून ते ऐकत नाही. ऐकत नाही म्हणून मार बसतो. माराने ते हट्टी होते, मग आणखी मार. शेवटी कंटाळून आई नाद सोडते, तेव्हा मुलाला कळते की आरडाओरडा केला की आपले चालते. त्यात बापही लहानपणी चंचल असेल, तर त्याचाही स्वभाव तापट, आवर कमी. म्हणजे ज्या मुलाला सर्वांत जास्त संयमाची गरज, त्याच्याच वाट्याला बहुधा सर्वांत कमी संयम येतो. रक्त आणि वळण हे असे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यात दारू, कर्ज, नापिकी यांनी घर पोखरलेले असेल, तर चक्र आणखी जोरात फिरते. दारू पिणाऱ्या बापावर उपचार करणे, खचलेल्या आईला आधार देणे, हाही मुलाचाच उपचार आहे.

काय करावे?

१. आधी इतर कारणे तपासून घ्या. दृष्टी कमी, कानात पू, पंडुरोग, थायरॉइड, टॉन्सिलमुळे झोप न होणे, क्षणभर हरवल्यासारखे होणाऱ्या फिट्स, लिहिण्या-वाचण्यातील अक्षमता. या सगळ्यांत मूल ‘लक्ष देत नाही’ असे दिसते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील जवळजवळ ६९ टक्के मुलांत रक्त कमी आढळले. तेव्हा हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२. एका वेळी एकच काम सांगा, जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन. ‘‘आवर लवकर’’ हे त्याला कळत नाही. ‘‘दप्तरात वही ठेव’’ हे कळते.

३. चांगले वागताना पकडा. दहा मिनिटे बसला तर तेव्हाच शाबासकी द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा, पाच खुणा झाल्या की त्याच्या आवडीची एखादी गोष्ट करा.

४. नियम थोडे ठेवा, पण घरातील सर्वांचे एकच असू द्या. आईने नाही म्हटले आणि आजीने गुपचूप दिले, असे होऊ नये.

५. मारू नका. शिक्षा लहान, लगेच आणि ठरलेली असावी. उदाहरणार्थ, पाच मिनिटे खेळ बंद. शाळेतील मारहाणीस तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदीच आहे.

६. रोज तासभर मैदान, ठरल्या वेळी झोप, आणि झोपण्यापूर्वी मोबाइल नाही.

७. शिक्षकांना विनंती : असे मूल खिडकीजवळ किंवा मागे न बसवता पुढे बसवा. फळा पुसणे, खडू आणणे, वह्या वाटणे ही कामे त्याला द्या. उठण्याची त्याची गरजही भागते आणि मानही मिळतो.

औषधे आहेत आणि ती गुणकारी आहेत. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना असे आढळले की मेंदूला तरतरी आणणाऱ्या औषधाने चंचल मुले उलट शांत होऊन अभ्यास करू लागतात. त्याच वर्गातील मिथिलफेनिडेट आज वापरले जाते. पण ते देण्याचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञ किंवा या विषयाची माहिती असलेल्या बालरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो. सहा वर्षांखालील मुलांत पहिला उपचार पालकांचे प्रशिक्षण हाच. गुंगीची औषधे देऊन मूल ‘शांत’ करणे हा उपचार नव्हे. गंडेदोरे आणि डाग देणे यांनी तर फक्त मुलाचे हाल होतात.

कोठे जावे?

गोव्यात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांच्या पालकांशी बोलणी झाली. बहुतेकांना हा आजार वाटतच नव्हता. अभ्यासाची, स्मरणाची किंवा शिस्तीची अडचण वाटत होती, आणि शाळेने तगादा लावल्यावर ते डॉक्टरांकडे आले होते. आपल्याकडे याहून वेगळे नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत अतिचंचलता आणि अभ्यासातील अक्षमता दोन्ही आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, उलट आपली शंका आधी शिक्षकांना सांगून ठेवा. २०२४ पासून वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीत बोलता येते. मुलापेक्षा आपलाच तोल सुटतो आहे असे वाटणाऱ्या आईबापांनीही तो फिरवावा.

तेव्हा आजी, बाप आणि गुरुजी यांच्या वादाचा निकाल असा की दोष कोणाचाच नाही आणि काम सर्वांचे आहे. बियाणे कोणी निवडून आणलेले नसते. त्याला जमीन कशी द्यायची, एवढे आपल्या हाती आहे. ‘वांड’ हा शिक्का मारण्यापूर्वी मुलाला एकदा तपासून घ्या. हिमोग्लोबिनची तपासणी, कान-डोळ्यांची पाहणी आणि शिक्षकांशी निवांत बोलणे, एवढी सुरुवात या आठवड्यातही करता येईल.